कपाटातील प्रबंध आणि मुक्त भांडारे : विद्यापीठीय ग्रंथालयांतील एका स्थित्यंतराचा इतिहास

पीएच.डी.चा प्रबंध हा विद्यापीठीय जगातील एक विलक्षण ग्रंथ होय. त्यामागे चार-पाच, क्वचित आठ-दहा वर्षांचे परिश्रम असतात. परंतु त्याच्या प्रती हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच निघतात. एक विद्यापीठाच्या ग्रंथालयात, एक विभागात, एक मार्गदर्शकांकडे आणि उरलेल्या परीक्षकांकडे. पदवी मिळाली की प्रबंध कपाटात जातो. ज्यांच्या घराण्यात पूर्वी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते अशा पिढीने लिहिलेले प्रबंध तर बहुधा ग्रंथरूपानेही प्रसिद्ध झाले नाहीत, कारण प्रकाशनास लागणारे द्रव्य आणि ओळख ही दोन्ही त्यांच्यापाशी नव्हती. ह्या कपाटांची कुलपे गेल्या पंचवीस वर्षांत काही अंशी उघडली. ती ज्या साधनांनी उघडली त्या साधनांचा, म्हणजे मुक्त स्रोत भांडार-आज्ञावल्यांचा, इतिहास येथे सांगण्याचा आमचा हेतू आहे. विषय तांत्रिक दिसतो. तथापि कोणाचे लेखन टिकावे, ते कोणास सापडावे आणि त्याची मालकी कोणाकडे राहावी, हे तिन्ही प्रश्न त्यात गुंतलेले आहेत.

आरंभ ग्रंथालयात झाला नाही, तो पदार्थविज्ञानात झाला. ऑगस्ट १९९१ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामॉस येथील प्रयोगशाळेत पॉल गिन्स्पार्ग ह्यांनी शोधनिबंधांच्या पूर्वमुद्रित प्रती संगणकावर ठेवून त्या सर्वांस विनामूल्य देण्याची व्यवस्था सुरू केली. तीच पुढे 'अर्काइव्ह' ह्या नावाने प्रसिद्धीस आली आणि २००१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात गेली. त्याच दशकात संशोधन-नियतकालिकांच्या वर्गण्या ग्रंथालयांच्या आवाक्याबाहेर चालल्या होत्या. प्राध्यापक लेख विनामोबदला लिहितात, अन्य प्राध्यापक तो विनामोबदला तपासतात, आणि मग त्यांचेच विद्यापीठ तो लेख प्रकाशकाकडून भारी किमतीस विकत घेते, असा हा उफराटा व्यवहार होता व अद्याप पुष्कळ अंशी आहे. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाचे स्टीव्हन हारनाड ह्यांनी जून १९९४ मध्ये एक जाहीर प्रस्ताव मांडला : प्रत्येक संशोधकाने आपल्या लेखाची प्रत स्वतःच सार्वजनिक ठिकाणी ठेवावी, म्हणजे प्रकाशकाची पकड आपोआप ढिली होईल. १९९७ मध्ये त्यांनी मानसशास्त्र व तत्संबंधी विषयांसाठी 'कॉगप्रिंट्स' हे भांडार उभारले.

असे प्रत्येकाने आपापले भांडार उभारल्यास वाचकाने किती दारे ठोठवावीत? हा प्रश्न ऑक्टोबर १९९९ मध्ये न्यू मेक्सिको राज्यातील सान्ता फे येथे भरलेल्या बैठकीत चर्चिला गेला आणि त्यातून भांडारांच्या परस्परसंवादाचा एक नियम तयार झाला. त्याची पहिली आवृत्ती जानेवारी २००१ मध्ये व दुसरी जून २००२ मध्ये आली. नियमाचे मर्म सोपे आहे. प्रत्येक भांडाराने आपल्याकडील वस्तूंची वर्णने, म्हणजे शीर्षक, लेखक, वर्ष, विषय इत्यादी, एका ठरावीक साच्यात मागेल त्यास द्यावीत. मूळ ग्रंथ आपल्याच घरी ठेवावा. साच्यासाठी १९९५ च्या सुमारास ओहायो राज्यातील डब्लिन ह्या गावी ज्याचा पाया घातला गेला तो पंधरा रकान्यांचा 'डब्लिन कोअर' घेण्यात आला. शेकडो ग्रंथालयांचे तक्ते एकत्र करून एकच संयुक्त सूची करावी, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की हे काम यंत्र दररोज करते. आमच्या मते ह्या चळवळीतील सर्वांत दूरदर्शी पाऊल हेच होते. कारण त्यामुळे लहान संस्थेचे भांडारही मोठ्याच्या पंक्तीस बसू शकले.

ह्यानंतर आज्ञावल्यांचा काळ सुरू झाला. २००० साली साउदॅम्प्टनने कॉगप्रिंट्सच्या अनुभवावरून 'ईप्रिंट्स' ही आज्ञावली तयार करून कोणासही वापरावयास खुली केली. ती पर्ल ह्या संगणकभाषेत होती. तिच्या प्रथम रचनेत ज्यांचा प्रमुख वाटा होता ते रॉब टान्सली पुढे अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या संशोधन विभागात गेले. त्या कंपनीने मार्च २००० मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या ग्रंथालयाबरोबर अठरा लक्ष डॉलरचा संयुक्त प्रकल्प हाती घेतला होता. त्यातून नोव्हेंबर २००२ मध्ये 'डीस्पेस' जन्मास आली. एका भांडारातील अनुभव घेऊन एकच माणूस दुसऱ्याच्या घडणीत उतरतो, हे ज्ञानाच्या इतिहासात पूर्वीपासून चालत आलेले आहे. २००३ मध्ये तिच्या प्रसारासाठी जो विद्यापीठांचा समूह झाला त्यात कॉर्नेल, टोरांटो, रॉचेस्टर ह्यांच्याबरोबर बाबासाहेब जेथे शिकले ते कोलंबिया विद्यापीठही होते.

'मुक्त स्रोत' म्हणजे केवळ 'फुकट' असा समज आपल्याकडे फार आहे, म्हणून येथे थोडे थांबावयास हवे. आज्ञावलीचा मूळ मजकूर वाचण्याचा, बदलण्याचा आणि बदललेला दुसऱ्यास देण्याचा अधिकार परवान्याने मिळतो, ती मुक्त. ईप्रिंट्सचा परवाना असे सांगतो की बदललेली आवृत्ती इतरांस द्यावयाची असेल तर ती त्याच अटींवर द्यावी. डीस्पेसचा परवाना ह्याहून सैल आहे. कंपन्यांनीही ती घ्यावी, तिच्यावर सेवा विकावी, त्यास आडकाठी नाही. ह्या सैलपणामुळे डीस्पेसभोवती सेवा पुरविणाऱ्या संस्थांचे जाळे उभे राहिले, ही गोष्ट तिच्या प्रसाराचे एक कारण होय. मात्र दोन्ही बाबतींत एक गोष्ट समान आहे : ग्रंथालय उद्या आपले दप्तर उचलून दुसरीकडे जाऊ शकते.

ह्याच सुमारास न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठातून 'ग्रीनस्टोन' आली. इयान विटेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती केली आणि २००० पासून युनेस्कोच्या सहकार्याने ती विकसनशील देशांत पोहोचविली. तयार झालेला संग्रह सीडीवर घालून जेथे जालजोडणी नाही अशा गावीही नेता येई, हे तिचे वैशिष्ट्य. आपल्याकडील ग्रंथालयशास्त्राच्या अनेक कार्यशाळांत ती शिकविली गेली. कॉर्नेल व व्हर्जिनिया ह्या विद्यापीठांच्या संशोधनातून २००३ मध्ये 'फेडोरा' आली. पण ती घर नव्हे, घराचा पाया होती. तिच्यावर भिंती आपणच बांधाव्या लागत. कॅनडातील प्रिन्स एडवर्ड आयलंड विद्यापीठाने २००६ पासून तशा भिंती बांधून 'आयलंडोरा' केली. ज्या ग्रंथालयापाशी स्वतःचे प्रोग्रॅमर आहेत त्यांनीच ह्या वाटेस जावे, असे आम्हांस वाटते.

मग निवड कशी झाली? तुलनात्मक तक्ते पुष्कळ झाले, अजूनही होतात. परंतु इतिहास पाहता असे दिसते की निर्णय तक्त्यांनी क्वचितच घेतले. ते माणसांनी घेतले. पर्ल जाणणारा मनुष्य असेल तेथे ईप्रिंट्स रुजली, जावा जाणणारा असेल तेथे डीस्पेस. संग्रहाचे स्वरूपही महत्त्वाचे होते. ईप्रिंट्सची मांडणी लेखभोवती आहे. लेखकाने स्वतः येऊन आपला लेख ठेवावा अशी तिची अपेक्षा आहे. डीस्पेसची मांडणी संस्थेभोवती आहे : वर 'समुदाय', त्याखाली 'संग्रह', त्यात 'वस्तू' आणि वस्तूच्या पोटात प्रत्यक्ष फायली. विद्यापीठ, विभाग, प्रबंध, प्रकरणे अशी आपली जी उतरंड आहे ती ह्या रचनेत चपखल बसते. शिवाय दाखल झालेली वस्तू प्रकट होण्यापूर्वी तपासनीसाच्या डोळ्यांखालून जावी, अशी सोय तीत पहिल्यापासून होती. हे आपल्या कार्यालयीन वळणास मानवले.

भांडार उभारले म्हणून ते भरले असे होत नाही. अमेरिकेत प्रारंभीची कित्येक भांडारे जवळजवळ रिकामी राहिली. रॉचेस्टर विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ह्याचे कारण शोधण्यासाठी चक्क मानववंशशास्त्रज्ञाची मदत घेतली. प्राध्यापक आपल्या खोलीत कसे लिहितात, फायली कोठे ठेवतात, ह्याचे निरीक्षण करण्यात आले. २००५ मध्ये नॅन्सी फॉस्टर व सुसान गिबन्स ह्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष मार्मिक आहे. 'संस्थात्मक भांडार' हा शब्दच प्राध्यापकास परका वाटतो. त्यास संस्थेशी कर्तव्य नाही, आपले लेखन सुरक्षित राहावे आणि ते लोकांनी वाचावे एवढेच त्यास हवे असते. २००७ मध्ये कॉर्नेलच्या भांडाराच्या पाहणीतही अशीच विरळ वस्ती आढळली. आज्ञावली निवडणाऱ्या समित्या ज्या गोष्टींवर तासन् तास वाद घालीत होत्या त्यांचा ह्या रितेपणाशी काडीचाही संबंध नव्हता.

भारतातील वाटचाल ह्या बाबतीत निराळी झाली. म्हैसूर विद्यापीठात २००० च्या सुमारास 'विद्यानिधी' हा प्रबंधांचा प्रकल्प सुरू झाला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००२ मध्ये ईप्रिंट्सवर भांडार उभारले. देशातील अशा पहिल्या भांडारांत त्याची गणना होते. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने डीस्पेस घेतली, पुण्यात आयुकानेही. राउरकेलाच्या राष्ट्रीय तंत्रशास्त्र संस्थेने २००६ मध्ये तर लेख जमा करणे सक्तीचे केले. परंतु ह्या सर्व बहुतांशी विज्ञानाच्या, साधनसंपन्न संस्था होत्या. मराठी, पाली, इतिहास, समाजशास्त्र ह्या विषयांचे प्रबंध ज्या राज्य विद्यापीठांत होतात त्यांच्यापर्यंत ही लाट पोहोचली ती १ जून २००९ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अधिसूचनेने. पीएच.डी.च्या प्रबंधाची संगणकीय प्रत जमा केलीच पाहिजे, असा दंडक तीत घालण्यात आला. २०१६ व २०२२ च्या नियमांनीही तो कायम ठेवला. गुजरातमधील 'इन्फ्लिबनेट' केंद्राने त्यासाठी डीस्पेसवर 'शोधगंगा' हे राष्ट्रीय भांडार चालविले. आज त्यात पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. जुन्या प्रबंधांच्या संगणकीकरणासाठी विद्यापीठांना अनुदानही मिळाले. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठासह महाराष्ट्रातील विद्यापीठे त्यात आपले प्रबंध ठेवीत आली आहेत. रॉचेस्टरला जे मनधरणीने साधले नाही ते येथे नियमाने साधले. सक्ती ही नेहमीच वाईट असते असे नाही.

मात्र राष्ट्रीय भांडार झाले म्हणून विद्यापीठाने स्वतःचे भांडार ठेवू नये, हा तर्क आम्हांस मान्य नाही. १९१७ मध्ये बाबासाहेब लंडनहून परतले तेव्हा त्यांनी वेगळ्या जहाजाने पाठविलेला ग्रंथसंग्रह ते जहाज पाणतीराने बुडाल्यामुळे समुद्रतळाशी गेला. एकाच ठिकाणी ठेवलेल्या एकाच प्रतीचे भवितव्य काय असते हे आम्ही आपणांस वेगळे सांगावयास नको. स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९९९ मध्ये जी जतनपद्धती सुरू केली तिच्या नावाचा अर्थच 'पुष्कळ प्रती असल्या म्हणजे वस्तू सुरक्षित' असा होतो.

आता चालविण्याविषयी. डीस्पेस प्रत्येक फाइल दाखल होताना तिचा एक आकडा काढून ठेवते. पुढे ठरावीक काळाने तोच हिशेब पुन्हा करून आकडा जुळतो की नाही हे पाहता येते. न जुळल्यास फाइल बिघडली असे समजावे. ही सोय आज्ञावलीत आहे, परंतु ती आपोआप चालत नाही, कोणी तरी रात्रीच्या कामांच्या यादीत तिचे नाव घालावे लागते. राखीव प्रतीचेही तसेच. वस्तूंची वर्णने एका माहितीसाठ्यात असतात आणि प्रत्यक्ष फायली वेगळ्या कप्प्यात. दोहोंपैकी एकाचीच राखीव प्रत घेतली तर संकटकाळी हाती येते ते एक तर नावे नसलेल्या फायलींचे गाठोडे, नाही तर फायली नसलेली नावांची यादी.

आणखी एक लहानशी परंतु बोलकी गोष्ट. डीस्पेस प्रत्येक वस्तूस 'हँडल' नावाचा कायम क्रमांक देते. संस्थेने अल्प वार्षिक शुल्क भरून आपला उपसर्ग नोंदवावयाचा असतो; शोधगंगेचा उपसर्ग १०६०३ असा आहे. नोंदणी केली नाही तर आज्ञावली नमुन्यादाखल दिलेला १२३४५६७८९ हाच आकडा वापरीत राहते. भारतातील कित्येक भांडारांच्या पत्त्यांत आजही हा आकडा दिसतो. त्याचा अर्थ असा की ते क्रमांक कायमचे नाहीत. यंत्र बदलले की त्या पत्त्याचा संदर्भ देणाऱ्या प्रत्येक लेखातील तळटीप आंधळी होते. आज्ञावली फुकट मिळाली, पण तिची देखभाल करणाऱ्याचे पद मंजूर झाले नाही, ह्याची ही खूण. बहुतेक ठिकाणी हे काम एखाद्या उत्साही ग्रंथपालाने इतर कामे सांभाळून केले आणि तो निवृत्त झाला की भांडारही निवृत्त झाले.

विकतची, सेवेसह मिळणारी आज्ञावली घ्यावी म्हणजे ही कटकट नको, असे काही जण सुचवितात. त्यांनी २०१७ सालचा प्रसंग आठवावा. 'बीप्रेस' ही कंपनी 'डिजिटल कॉमन्स' नावाची भांडारसेवा विद्यापीठांस विकत असे. अमेरिकेतील शेकडो संस्था तिच्यावर विसंबून होत्या. ऑगस्ट २०१७ मध्ये एल्सव्हिअर ह्या बलाढ्य प्रकाशनसंस्थेने ती कंपनी विकत घेतली. ज्या प्रकाशकांच्या पकडीतून सुटण्यासाठी भांडारे उभारली त्यांपैकीच एकाच्या हाती भांडारांच्या किल्ल्या गेल्या. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाने काही आठवड्यांतच ती सेवा सोडण्याचा निर्णय जाहीर केला. इतर अनेकांस तसे करणे सोपे नव्हते.

मुक्त आज्ञावल्यांसही पालक लागतोच. २००७ मध्ये डीस्पेससाठी एक प्रतिष्ठान स्थापन झाले, २००९ मध्ये ते फेडोराच्या संस्थेत मिसळून 'ड्युरास्पेस' झाले आणि २०१९ मध्ये ती संस्था 'लिरासिस' ह्या ग्रंथालय-संस्थेत विलीन झाली. पालक बदलले, परंतु आज्ञावलीचा मजकूर सर्वांच्या हाती असल्यामुळे भांडारे जागची हलली नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीने मात्र जुनी दोन्ही दर्शनी रूपे काढून टाकून संपूर्ण नवे रूप आणले. ज्या ग्रंथालयांनी जुन्या रूपात स्थानिक फेरफार केले होते त्यांचे ते सर्व काम वाया गेले. नव्या आवृत्तीस अधिक सामर्थ्याचे यंत्रही लागते. सहाव्या आवृत्तीस मिळणारे साहाय्य २०२३ च्या मध्यास बंद झाले, म्हणजे त्यानंतर आढळलेली सुरक्षेची छिद्रे कोणी बुजविणार नाही. तरीही आपल्याकडील पुष्कळ भांडारे जुन्याच आवृत्तीवर चालत आहेत.

शेवटी मराठीचा प्रश्न, आणि आम्हांस तो सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. १९९० ते २०१० ह्या काळातील बहुसंख्य मराठी प्रबंध श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा टंकांत जुळविले गेले. ह्या टंकांत पडद्यावर 'क' दिसत असला तरी संगणकाच्या लेखी ते एखादे रोमन अक्षर असते. असा प्रबंध पीडीएफ करून भांडारात ठेवला तर मनुष्यास तो वाचता येतो, पण शोधयंत्रास तो निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग दिसतो. चित्ररूपाने टिपलेल्या प्रबंधांची तर एकही ओळ शोधता येत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, परंतु मराठी प्रबंधाच्या टंकलेखकापर्यंत ती पोहोचण्यास वीस वर्षे लागली. परिणामी इंग्रजीत लिहिलेला प्रबंध जगास मजकुरानिशी सापडतो आणि मराठीत लिहिलेला, सापडलाच तर, केवळ शीर्षकाने. खेड्यांतून आलेल्या, मराठीतूनच लिहू शकणाऱ्या संशोधकांस हा भेद नकळत भोगावा लागतो.

शीर्षकाचीही कथा सरळ नाही. कित्येक मराठी प्रबंधांची शीर्षके रोमन लिपीत नोंदविलेली असतात. 'बौद्ध' हा एकच शब्द रोमनमध्ये चार-पाच तऱ्हांनी लिहिला जातो. देवनागरीतही 'आंबेडकर' व 'अंबेडकर' ही यंत्राच्या दृष्टीने दोन निरनिराळी नावे. पालीच्या अभ्यासकाने 'पटिच्चसमुप्पाद' असे लिहिले आणि वाचकाने 'प्रतीत्यसमुत्पाद' असे शोधले तर दोघांची गाठ पडत नाही. 'निब्बान' आणि 'निर्वाण' ह्यांचेही तेच. जुन्या तक्तापत्रांच्या काळी अनुभवी सूचीकार 'हेही पाहा' असे एक पत्र घालून हा पेच सोडवीत असे. डीस्पेस वा ईप्रिंट्स ते पत्र आपण होऊन घालीत नाही.

उपाय नाहीत असे नाही. ह्यूलेट-पॅकार्डच्याच प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात जन्मलेली आणि २००५ मध्ये मुक्त झालेली 'टेसरॅक्ट' ही अक्षर ओळखणारी आज्ञावली आता मराठी वाचते. स्वच्छ छपाईच्या पानावर तिचे काम शोधापुरते पुरेसे होते, फिकट टंकलिखित प्रतींवर अडखळते. जुन्या टंकांतून युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनेही आहेत, मात्र त्यासाठी मूळ फाइल हवी, आणि ती बहुधा संशोधकाच्या जुन्या संगणकाबरोबरच गेलेली असते. म्हणून नव्या प्रबंधांबाबत युनिकोडमधील मूळ फाइलही विद्यापीठांनी मागून घ्यावी, ही मागणी आम्हांस रास्त वाटते. जुन्यांबाबत निदान शीर्षक, लेखकाचे नाव आणि विषयशब्द देवनागरीत पुन्हा लिहून घेता येतील. त्यासाठी प्रबंध वाचणारा, पाली व संस्कृत दोन्ही रूपे जाणणारा मनुष्य हवा, निराळी आज्ञावली नको. डीस्पेसच्या नोंदपत्रात पर्यायी शीर्षकांचा रकाना पहिल्यापासूनच आहे. त्यात एकाहून अधिक रूपे भरता येतात.